काचेवरची धाकटी

ललितावहिनी माहेरची अंजूरची. वडील खाडीत जाळं टाकायचे आणि खारात भात लावायचे. भाऊ बाळाराम सातवीत शाळा सोडून रेतीच्या होडीवर गेला, ही मात्र दहावीपर्यंत नेटाने शिकली. भूगोलाच्या पेपरात नकाशा भरायला यायचा, तो तिचा हातखंडा. नर्मदा कुठून निघते आणि कुठे मिळते हे ती डोळे मिटून दाखवायची, असं बाळाराम सांगतो. दहावीचा निकाल लागायच्या आधी तिचं लग्न लागलं, राहनाळच्या सावळाराम तरेशी. माझी पिठाची गिरणी त्यांच्या घरासमोर आहे, म्हणून ही सगळी माणसं मी रोज पाहत आलो.

सावळाराम तेव्हा टेम्पो चालवायचा. कामतघरच्या लूमवरून कापडाचे तागे उचलायचे आणि मुंबईत मार्केटला टाकायचे. सुरुवातीची काही वर्षं दोघं कामतघरच्या चाळीतच राहिली, तेलुगू शेजाऱ्यांमध्ये. मग राहनाळला गोडाऊनं उभी राहू लागली. वाडवडलांच्या भातखाचरांवर पत्रे चढले, भाडं सुरू झालं, टेम्पो गेला आणि पांढरी स्कॉर्पिओ आली. ड्रायव्हर मात्र त्याने कधी ठेवला नाही. "माजी गाडी, माजा हात," म्हणायचा.

सावळाराम उठसूट हात उगारणारा माणूस नव्हता. त्याचं हत्यार मस्करी. ती पण एकट्यात नाही, चारचौघांत. लग्नाला दोन-तीन वर्षं झाली असतील, तेव्हा एकदा त्याने घरात येऊन तोंड पाडून सांगितलं, "ललिते, तुजा बाप गेला." ती होती तशी अनवाणी निघाली. कामतघरपासून अंजूरपर्यंत ऊर बडवत गेली. बाप अंगणात जाळ्याची गाठ मारत बसला होता. ती त्याच्या पायाशी कोसळली. मागून सावळाराम टेम्पो घेऊन आला, दोन मित्रांना बसवून, तिचं तोंड कसं झालंय ते दाखवायला. हा किस्सा तो पुढे किती वर्षं सांगत होता. बाप खरोखर गेला त्या दिवशीही कोणीतरी म्हणालंच, "या टायमाला नक्की ना, सावळ्या?" आणि मयताच्या घरात लोक हसले.

मुलगा एकच, कुणाल. ठाण्याच्या कॉलेजात जायचा. बापाच्या मस्करीला पहिला हसणारा तोच. ललितावहिनी त्याचं मनावर घ्यायची नाही. "पोर हाय, बापाचा बगून हसतो," म्हणायची.

दोन हजार सातच्या मे महिन्यात ही तिघं मलेशियाला गेली. गोडाऊनवाल्यांमध्ये तेव्हा सिंगापूर, बँकॉक करून यायची टूम निघाली होती. पण बसमध्ये बसून गाईडच्या पिवळ्या झेंड्यामागे फिरणं सावळारामला मंजूर नव्हतं. तिकडे गाडी आपल्यासारखीच डाव्या बाजूने चालते, भाड्याने मिळते, हे कळल्यावर त्याने ठरवलं की गाडी स्वतः चालवायची. ठाण्याच्या आरटीओतून परदेशात गाडी चालवायचा परवाना काढला. कल्याण नाक्यावरच्या ट्रॅव्हलवाल्याकडचा हितेश नावाचा पोरगा कागद घेऊन घरी आला, तेव्हा आम्ही चार-पाच जण ओट्यावर होतो.

हितेश म्हणाला, "शेठ, गाडीबरोबर नेव्हिगेटर घ्या. काचेला चिकटवायचं. उपग्रहावरून चालतं. कुठे वळायचं ते बाई बोलून सांगते."

"बाई?" सावळाराम म्हणाला. "घरात यक हाय ती बोलते, तेवरी पुरे. मना रस्ता सांगनार कोन? मनोरपास्ना खोपोलीपर्यंत मी डोळे मिटून टेम्पो घातलाय."

"तिथल्या पाट्या वाचता येणार नाहीत, शेठ."

"मग नकाशा दे. ही धरील." त्याने दाराकडे बोट केलं. ललितावहिनी चहाचा ट्रे घेऊन उभी होती. "नायतरी गाडीत बसून दुसरा करते काय? घोरते."

सगळे हसले. हितेशने घडीचा नकाशा काढून दिला.

सावळारामने मस्करी केली होती, पण वहिनीने काम अंगावर घेतलं. दुपारची भांडी झाली की ती नकाशा लादीवर पसरायची आणि त्यावर ओणवी व्हायची. एक दिवस दळण घेऊन आली तेव्हा तिचा चेहरा वेगळाच दिसला. म्हणाली, "भावोजी, तिथं उत्तरेला काय म्हंतात म्हाईत हाय? उतारा! आपलाच शब्द. आनि दक्षिनेला सेलातान. केलुआर म्हंजे भायेर पडायचा रस्ता." गिरणीचा पट्टा फडफडत होता आणि ती माझ्या कानाशी ओरडून क्वालालंपूरहून पेनांगला जायचा रस्ता सांगत होती. तिला इतकं बोलताना मी त्याआधी ऐकलं नव्हतं.

तिथे गेल्यावर पहिले दोन दिवस तिनेच रस्ता सांगितला. विमानतळावरून हॉटेलापर्यंत नीट पोचवलं. दुसऱ्या दिवशी शहरात पुलांची गुंतागुंत लागली. ती "डावीकडे, डावीकडे" म्हणत राहिली, सावळाराम फोनवर गोडाऊनच्या वॉचमनला शिव्या देत होता, वळण चुकलं. त्याने गाडी बाजूला घेतली आणि तिच्या मांडीवरचा नकाशा ओढून चोळामोळा करून मागे फेकला. "अडाणचोट बाई. तुज्या भरवशावर आलो तर जंगलात जाव." तिसऱ्या दिवशी सकाळी गाडीवाल्याच्या ऑफिसात जाऊन त्याने ते यंत्र आणलं.

कुणालने ते काचेला चिकटवलं. यंत्रातली बाई बोलू लागली. वळण चुकलं तरी ती त्याच थंड आवाजात नवा रस्ता सांगायची. सावळाराम खूश.

"बग, कुनाल. चुकलो तरी तोंड वाकडा करत न्हाय. न रडते, न फुगते. ही माजी धाकटी!" तो म्हणाला. "थोरलीला मागं बसव."

थोरली मागे बसली. कुणाल पुढे आला. त्यानंतर दिवसभर गाडीत धाकटीच. धाकटीला विचार, धाकटी म्हणेल तसं, धाकटीला उन्हात ठेवू नको. एका पंपावर हा शब्द तिथल्या पोराला समजावून सांगायचा त्याने प्रयत्न केला. "सेकंड वाइफ," काचेकडे बोट दाखवून. मग मागच्या सीटकडे. "ओल्ड वाइफ." पोरगा ओशाळून बाजूला झाला.

पेनांगच्या वाटेवर वहिनीकडून चूक झाली, तीही खरी. चोळामोळा झालेला नकाशा तिने हाताने सपाट करून मांडीवर ठेवला होता. यंत्र म्हणत होतं सरळ जा, नकाशात वाटेवरच्या इपोहला, जिथे थांबायचं होतं, जायचा फाटा आधीच दिसत होता. तिला राहवलं नाही. "अवो, हितं वळायला पायजे. मशीन चुकलाय."

सावळारामने आरशात पाहिलं. "नक्की?"

"नक्की."

"चल, थोरलीचा ऐकू. कुनाल, धाकटीचा तोंड बंद कर."

तो वळला. रस्ता ताडाच्या बागांमध्ये शिरला, अरुंद होत गेला आणि एका कारखान्याच्या बंद फाटकाशी संपला. नकाशा जुना होता, इपोहचा नवा फाटा पुढे झाला होता. यंत्र बरोबर, वहिनी चूक. सावळारामने आवाज चढवला नाही. फाटकासमोर गाडी बंद करून तो बराच वेळ हसत राहिला. कुणालही हसला. वहिनी म्हणाली, "चुकला माजा."

परत मोठ्या रस्त्याला लागल्यावर थोड्या वेळाने विसावा आला. त्या एक्स्प्रेसवेला ठरावीक अंतरावर अशा जागा आहेत. खायच्या टपऱ्या, संडास, नमाजाची खोली, बसायला बाकं. वहिनी संडासला गेली. सावळाराम कुणालला म्हणाला, "बस. पाच मिन्टं पुढं जाऊन फिरून येऊ. नकाशावाली हाय ना, जरा एकटी उभी राहू दे रस्त्यावर. कळंल."

पुढचं गावाने सावळारामच्या तोंडून ऐकलं ते असं. गाडी निघाली, पण त्या रस्त्याला मध्ये फिरायला जागाच नाही. लोखंडी कठडा सलग. धाकटी म्हणते पुढच्या फाट्याला बाहेर पडा, आणि पुढचा फाटा कुठल्या कुठे. तिथून फिरले, कुणालने यंत्रात विसाव्याचं नाव टाकलं, यंत्राने इमानदारीत नेऊन सोडलं, तर तिथे ललिता नाही! संडास पाहिले, टपऱ्या पाहिल्या. बाई गेली कुठे? मग कळलं की त्याच नावाचे विसावे दोन आहेत, रस्त्याच्या दोन्ही अंगांना, समोरासमोर. हे पलीकडच्याला आले होते. पुन्हा पुढे जा, पुन्हा फिरा. दुपारी निघालेली गाडी ऊन उतरलं तेव्हा पोचली. "आनि पोचलो तर काय! बाकावर बसलेली, दावनीचा सुटलेला वासरू जसा. बाजूला पोलीस, संडास धुनारी बाई आनि अर्धा मलेशिया. मी हॉर्न मारला तर उठंना!" इथे तो डोळे वासून वहिनीची नक्कल करायचा.

ही गोष्ट त्याने गोडाऊनच्या ओट्यावर सांगितली, हळदीच्या मांडवात सांगितली, सोसायटीच्या मीटिंगमध्येही सांगितली. वहिनी घरात असेल तर तिला बाहेर बोलवून सांगायचा. "ये, तुजीच गोष्ट चाल्लीय." ती पाण्याचे ग्लास ठेवून आत जायची.

ती बोलली काहीच नाही, पण परत आल्यापासून सावळारामच्या गाडीत बसली नाही.

पहिल्यांदा ते कळलं बाळारामच्या मुलीच्या हळदीला. स्कॉर्पिओ दारात उभी, कुणाल पुढे बसलेला, सावळाराम हॉर्न वाजवतोय. वहिनी शालू नेसून पायरीवर उभी.

"मी रिक्षानं येतंय. तुमी व्हा पुढं."

"नाटकं नको. बस."

"न्हाय."

तो खाली उतरला. आधी हसून म्हणाला, मग दंडाला धरून ओढू लागला. ती खाली बसली. शालूसकट, फुफाट्यात. आजूबाजूच्या ओट्यांवर माणसं आली. त्याने तिला गाडीच्या दारापर्यंत फरपटत नेलं, तिचा खांदा दाराच्या कडेवर आपटला, तरी ती उठली नाही. तेव्हा त्याने सगळ्यांसमोर दोन कानाखाली दिल्या आणि गाडी घेऊन निघून गेला. कुणाल गाडीतून उतरला नव्हता. वहिनी उठली, शालू झटकला, नाक्यापर्यंत चालत गेली आणि शेअर रिक्षात बसून हळदीला पोचली.

त्यानंतर हे नेहमीचं झालं. लग्न असो, देवदर्शन असो की डॉक्टरकडे जायचं असो, पुढे पांढरी गाडी आणि मागून धूळ खात रिक्षा. सावळाराम मुद्दाम रिक्षाच्या बाजूने हळू चालवायचा, काच खाली करून विचारायचा, "काय बाय, कुटं सोडू?"

गावाला वाटलं दोन महिन्यांत ती नरमेल. ती नरमली नाही, तेव्हा गाव तिच्यावर उलटलं. बायका नळावर बोलायच्या, "आमी मार खाल्ला तो चुलीपाशीच. ही ईमानात बसून गेली मलेशियाला आनि वर रुसते." बाळाराम समजवायला आला. सख्खा भाऊ. माझ्या गिरणीसमोरच त्याने तिला थांबवलं.

"बाई, यवरीशी मस्करी. सोन्यासारखा घर हाय. कशाला लोकांत हसा करतेस आमचा?"

"मी कुनाला काय बोल्ले?"

"तेच. काय बोलत पन न्हायस आनि बसत पन न्हायस. तुजा काय चोरीला गेला तिथं?"

वहिनीने त्याच्याकडे पाहिलं. दळणाचा डबा काखेला मारला आणि गेली. बाळारामने त्यानंतर दोन भाऊबिजा तिला बोलावलं नाही.

दोन हजार नऊच्या सुरुवातीला कुणालचं लग्न झालं. मुलगी कामतघरची, करिष्मा. बी.कॉम. झालेली, बोलायला मोकळी. लग्नानंतर दोन दिवसांनी पूजा होती. संध्याकाळी घरातली आणि शेजारची आम्ही माणसं जेवायला बसलो. वहिनी वाढत होती. कोणीतरी टूम काढली, नवीन सुनेला मलेशियाची गोष्ट सांगा. सावळारामला तेवढंच हवं होतं. त्याने पहिल्यापासून सांगितली, धाकटी, थोरली, ताडाची बाग, वासरू. पंगत हसून बेजार.

करिष्मा पण हसली. मग तिने सहज विचारलं, "मम्मी, मग तुम्ही तेवढा वेळ तिथे काय केलंत?"

दीड-दोन वर्षांत हे कोणी विचारलं नव्हतं. मीही नाही. वहिनीच्या हातात आमटीचं पातेलं होतं. ते तिने खाली ठेवलं.

"सांगू?" ती म्हणाली.

"सांगा ना."

"मी संडासातना भायेर आले त गाडी निगालेली. मना वाटला जवळ आनतात. मी हात केला. मागच्या काचेतना कुनालनी वळून बगला. मना बगितला, हसला, आनि टाटा केला."

कुणाल म्हणाला, "मम्मी, आता काय..."

"तिनी इचारलाय. सांगू दे." तिचा आवाज चढला नव्हता. "मी थांबले. मना वाटला येतील. माज्याकडं फोन व्हता, तो तिथं चालत नव्हता. पासपोर्ट ह्यांच्याकडं. एक वर्दीवाला आला, इंग्लिशमदी इचारला, कुटं जायचाय? हॉटेल कंचा? मना म्हाईत नव्हता. पयले दोन दिवस मना हॉटेलाचा नाव म्हाईत व्हता, रस्ता मी सांगत व्हते ना. त्या दिसाचा हॉटेल मशीनमदी टाकलेला. मना कोनी सांगितलाच न्हाय. मी नुसती म्हनले, हजबंड, कार. तो हसाय लागला. मग हसायचा थांबला."

करिष्माने हातातला घास ताटात ठेवला.

"संडास धुनारी मद्राशी बाई व्हती. कामतघरला शिकलेली दोन तेलुगू अक्षरं मी बोल्ले, नीळ्ळु, पानी. तिला ते पन कळला न्हाय, ती म्हनली तण्णी. पन पानी दिलान. भात दिलान तिच्या डब्यातला. मग मना समोरच्या अंगाला हे दिसले. रस्त्याच्या पलीकडं. पिवळा टी-शर्ट, मीच घेतलेला भिवंडीत. कमरेवर हात ठिवून उभे. कुनाल बाजूला. मी हाका मारल्या. ट्रका चालल्या व्हत्या, आवाज जात नव्हता. मी रस्त्याकडं धावले. त्या वर्दीवाल्यानी मना मागनं धरला, खाली पाडला. त्यांना वाटला मी जीव द्यायला चाल्ले."

"बास कर," सावळाराम म्हणाला.

"मग ह्यांनी मना बगितला. दोगांनी. ह्यांनी हात असा केला, थांब तिथंच. मना वाटला आता येतील. त हे टपरीवर बसले. जेवाय. मी समोर, ते समोर. मना ताट दिसत व्हता. कुनालनी दुसऱ्यांदा काय त मागून घेतला, ते पन मी बगितला."

करिष्माने नवऱ्याकडे पाहिलं. "खरं?"

कुणालचा चेहरा लाल झाला होता. "सकाळपासून काही खाल्लं नव्हतं आम्ही. सापडली होती ना ती, दिसत होती समोर. पळून जाणार होती का? आणि मी हसलो बिसलो नव्हतो."

"हसलास," वहिनी म्हणाली. "तुज्या बापाचा मना काय वाटला न्हाय रे. त्यो त्योच हाय. तू वळून बगितलास."

सावळारामने ताटात हात झटकला. "झाला का कीर्तन? आमटी वाढ आता. लोकं बसलीत."

तिने पातेलं उचललं आणि आमटी वाढली. लोक भराभर जेवून उठले. कोणी तिच्याशी बोललं नाही. दारात एक जण मला म्हणाला, नव्या सुनेसमोर एवढं काढायला नको होतं. मी हो म्हणालो नाही, पण नाही असंही म्हणालो नाही.

मला वाटलं होतं सावळाराम चिडेल. त्याने दुसऱ्या दिवशी ओट्यावर त्याच गोष्टीला नवा तुकडा जोडला, "आनि मी तिच्या समोर बसून जेवलो!" आणि लोक हसले. चिडला कुणाल. "माझ्या बायकोसमोर माझी लाज काढलीस," एवढं एक वाक्य तो आईशी बोलला आणि मग बोलायचाच थांबला. महिन्याभरात त्याने ठाण्याला घोडबंदर रोडवर फ्लॅट घेतला आणि बिऱ्हाड हलवलं. सामान टेम्पोत चढत असताना वहिनीने त्याच्यासाठी बांधलेला सुकटीचा डबा त्याने टेम्पोवाल्याला देऊन टाकला, तिच्या देखत. करिष्मा फोन करायची, दुपारी, तो ऑफिसला गेल्यावर.

त्याच वर्षी डिसेंबरात करिष्माला मुलगी झाली. बारसं ठाण्याला फ्लॅटवर ठरलं. वहिनीने आधीच चौकशी करून ठेवली होती, भिवंडीवरून कुठली बस, पुढे कुठली रिक्षा. बाळंतविडा, मेथीचे लाडू, बाळाला काजळ, कुंची, सगळं पिशवीत भरलं होतं. आदल्या दिवशी कुणालचा फोन आला, बापाला. सावळारामने फोन कानाला लावून मोठ्याने उत्तरं दिली, वहिनीला ऐकू जावं म्हणून.

"हा. हा. सांगतंय तिला." फोन ठेवून तो म्हणाला, "पोरगा म्हनतो, मम्मीला यायचा असंल त पप्पांच्या गाडीतना ये. रिक्षानं येऊन सोसायटीत तमाशा नको. नायतर येऊ नको."

संध्याकाळी वहिनी गिरणीवर आली. दळण नव्हतं. उभी राहिली.

"भावोजी, बारा दिसांची पोर. तिचा तोंड पन बगितला न्हाय मी."

मी म्हटलं, "करिष्माला फोन करून बघा."

"केला. ती म्हनली, तो ऐकत न्हाय मम्मी. रडली." मग जायला वळत म्हणाली, "तिला रडवायला नको व्हता मी."

सकाळी स्कॉर्पिओ दारात आली. मला बारशाचं बोलावणं होतं, मी मागे बसलो. सावळारामने या वेळी हॉर्न मारला नाही. दार उघडं ठेवून, स्टिअरिंगवर बोटं वाजवत वाट बघत बसला. वहिनी पिशवी घेऊन पायऱ्या उतरली. गाडीच्या दारापाशी थबकली. तिचा हात दाराच्या कडेवर होता. मग ती आत बसली, माझ्या बाजूला.

सावळारामने आरशात पाहिलं आणि शीळ घातली. गावातून गाडी न्यायची तशी त्याने नेली नाही. आधी चौकातून फिरवली, मग सोसायटीच्या ऑफिसावरून, मग नळावरून. प्रत्येक ठिकाणी काच खाली, "बारशाला चाल्लो!" लोक वाकून मागे बघत होते. वहिनी पिशवी छातीशी धरून समोरच्या सीटच्या पाठीकडे बघत होती.

फ्लॅटवर पाहुणे जमले होते. कुणालने दार उघडलं, आधी खाली उभी असलेली गाडी पाहिली, मग आईला पाहिलं. "ये," म्हणाला. दहा महिन्यांनंतरचा पहिला शब्द. तिने त्याच्या गालाला हात लावायला वर केला, तोवर तो वळून पाहुण्यांकडे गेला होता.

पाळणा हलला, नाव ठेवलं, घुगऱ्या वाटल्या. जेवणं झाल्यावर हॉलमध्ये सावळारामच्या भोवती माणसं बसली. करिष्माकडचे पाहुणे नवे होते, त्यांनी गोष्ट ऐकली नव्हती. त्याने सुरू केली. विसावा आला, वासरू आलं, टपरीवरचं जेवण आलं. शेवटाला तो म्हणाला, "दोन वर्सं रुसलेली माज्या गाडीवर. आज बगा, बसून आली का न्हाय? नातीनं आनली वढून!" टाळ्या पडल्या. कुणाल हसत होता.

आतल्या खोलीत दार लोटून वहिनी पलंगावर बसली होती, मांडीवर बाळ. मी पाण्याला उठलो तेव्हा दाराशी करिष्मा उभी दिसली. बाहेरचं हसू तिथे स्वच्छ ऐकू येत होतं. करिष्मा दबक्या आवाजात बोलली, पण रागाने.

"मम्मी, तुम्ही त्या गाडीत बसायला नको होतं. तुम्ही बसलात, आता तुमच्या बाजूने मी कुणालला काय बोलू?"

वहिनीने वर पाहिलं नाही. बाळाची मूठ उघडून ती एकेक बोट पुसत होती.

"मग हिला कवा बगनार व्हते गं मी?" ती म्हणाली.

मग बाहेरून कुणालने आइस्क्रीम आणायला हाक मारली आणि करिष्मा गेली.